होडीच्या मोटरची पिन

आबा, परवा रविवारी मी एका होडीच्या मोटरला पिन बसवली. हे ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर चढवला असता आणि पहिला प्रश्न विचारला असता, "किती अँपिअर?" म्हणून तेच आधी सांगते. पन्नास. बारा व्होल्टची बॅटरी, मध्ये साठचा ब्रेकर, आणि वायर सोळा स्क्वेअरची. दुकानदार म्हणत होता, "ताई, सहाची घ्या, चालून जाईल." मी म्हटलं, "चालेल हो, पण तापेल." त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि निमूटपणे सोळाचं भेंडोळं काढलं. डोंबिवलीत मानपाडा रोडला दुकान आहे, तुमच्या कंपनीकडे वळायचा जो नाका होता त्याच्या जरा अलीकडे. तुमची कंपनी आता नाही, तिथे मोठ्या इमारती उभ्या राहिल्यात. पण त्या नाक्यावरून वायरचं भेंडोळं खांद्याला अडकवून चालताना मला उगाच वाटलं की मी पण ड्यूटीवरून सुटून घरी चाललेय. एकोणसाठ वर्षांची बाई, रस्त्यात एकटीच हसतेय. लोकांना काय वाटायचं ते वाटो.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी बोलले नाही असं नाही, मनातल्या मनात चालूच असतं, पण कागद घेऊन बसायची ही पहिलीच वेळ. गेल्या वर्षी रिटायर झाले. तेहेतीस वर्षं कचेरीत फायली इकडच्या तिकडे केल्या, शेवटच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ महिनाभरात बंद पडलं. मी खोललं, साफ केलं, चालू केलं, तर सूनबाई म्हणते, "आई, तुम्ही ऑफिसात काय करत होतात एवढी वर्षं? तुमचा हात तर इथे आहे." मी तिला चहा टाकायला सांगितलं आणि विषय बदलला. घरातली इस्त्री, मिक्सर, पंख्याचा कंडेन्सर, सगळं मीच करते. शेजारचे पण आणून देतात. पण ते सगळं बंद दाराच्या आत. बाहेर, चार लोकांसमोर, एवढं मोठं काम मी कधी अंगावर घेतलेलं नाही. ते का, ते तुम्हाला पुढे कळेलच.

चिंबोरी आठवते ना? कोपरीच्या आपल्या चाळीमागच्या कोळीवाड्यातली माझी मैत्रीण, शाळेत माझ्या बाजूला बसायची ती. तिचं खरं नाव तुम्ही कधी घेतलंच नाही. चिडली की ती खेकड्यासारखी तिरकी तिरकी चालत निघून जायची, म्हणून तुम्ही तिला चिंबोरी म्हणायला लागलात आणि ती पण तुम्हाला मुद्दाम नांग्या दाखवल्यासारखी बोटं करून दाखवायची. आई ओरडायची, "अहो, लोकाच्या पोरीला काय म्हणताय," आणि चिंबोरी म्हणायची, "म्हनू दे गो मावशी, मना आवडतं." फ्रॉकच्या खिशात कागदाच्या पुडीतून कोळंबी घेऊन यायची. ती आता सहा नातवंडांची आजी आहे. तिचा नवरा पाच वर्षांपूर्वी गेला, पण तिनं खाडी सोडली नाही. छोटी होडी आहे तिची, एकटीनं वल्हवायची. भरतीबरोबर आत जाते, सुकती लागून पाणी ओसरायच्या आधी परत येते. नेवट्या, बोय, कधी कोळंबी, मिळेल ते. म्हणते, घरात बसले तर दोन दिवसात भिंतींशी भांडायला लागेन.

पण उजवा खांदा गेला तिचा. हात डोक्यापर्यंत जात नाही, केस नात विंचरून देते. वल्हं मारायचं म्हणजे जीव जातो. तिचा मुलगा माजिवड्याला गाड्यांच्या शोरूममध्ये आहे, चांगला आहे पोरगा, आईवर जीव आहे त्याचा. त्यानं ऑनलाइन एक विजेची मोटर मागवली. तुम्ही असलं काही बघितलेलं नाही म्हणून सांगते. एक लांब दांडा, खालच्या टोकाला छोटा पंखा, वरच्या टोकाला हँडल. होडीच्या मागच्या फळीला शिकंजानं आवळायची, बॅटरीला जोडायची, हँडल फिरवायचं, की पाण्यात पंखा फिरतो आणि होडी चालते. आवाज नाही, डिझेल नाही, धूर नाही. पोरानं काय केलं, मोटरच्या वायरींना ते दातेरी चिमटे असतात ना, ते नुसते बॅटरीवर चावायला लावले आणि आईला दिली सोडून. आबा, खाडीतली हवा, खारं पाणी, हलणारी होडी आणि चिमटे! तुम्ही असतात तर त्याला तिथेच उभा केला असता. भर खाडीत चिमटा निसटला, भप्पकन ठिणगी उडाली आणि मोटर बंद. वरून सुकती लागलेली. ही बाई एका हातानं दोन तास वल्हवत परत आली.

त्या दिवशी पोरगा घाबरला. रात्रभर झोपला नसावा. सकाळी त्यानं आईला सांगून टाकलं, बस झालं, होडी विकायची. दिवा गावाकडचा एक माणूस ठरवला, रविवारी भरतीला होडी बघायला येणार. मग चिंबोरीनं मला फोन केला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही, एकदम म्हणाली, "माजी होरी चालली गो." मी म्हटलं, कुठे चालली? तर रडायलाच लागली. पन्नास वर्षांच्या मैत्रीत मी तिला दोनदा रडताना ऐकलंय, त्यातलं हे एक. सगळं सांगितलं आणि मग म्हणाली, "रविवारपर्यंत तू ती मोटर नीट जोडून दे. चालली, तं मी राखीन. नाय चालली, तं न्यू दे त्याला." मी म्हटलं, अगं, चांगला इलेक्ट्रिशियन बघ, मी काय शिकलेली आहे का? ती एवढंच म्हणाली, "तू शिकलेली हायेस का नाय ते मना नको सांगू." आणि फोन ठेवला. तिनं असं का म्हटलं ते शेवटी सांगते, आत्ताच सांगितलं तर पुढचं लिहिता येणार नाही मला.

शनिवारी गेले. होडी चिखलात आडवी पडलेली, मी साडी खोचून आत चढले. तुम्ही दिलेली पकड सोबत होती, लाल मुठीची. बॅटरीसाठी एक झाकणाची पेटी, पेटीत ब्रेकर, ब्रेकरपासून मागच्या फळीपर्यंत वायर, आणि फळीला आतून एक सॉकेट. मोटरच्या वायरीला पिन. म्हणजे रोज संध्याकाळी पिन उपसली, मोटर खांद्यावर टाकली, घरी गेली. पोरगा शोरूममधून अर्धी सुट्टी घेऊन आलेला, माझ्या डोक्यावर उभा. म्हणतो, "मावशी, पिनवाला भाग बॅटरीकडे लावा ना, सॉकेट मोटरला. मोटरची वायर लोंबते, त्यात सॉकेट बरं पडेल. असं पण चालतंय ना?" मी त्याला काय सांगितलं असेल? तुमचंच वाक्य सांगितलं, तुमच्याच आवाजात. ज्या बाजूनं करंट येतो ती बाजू झाकलेली पाहिजे, नागडी पिन करंटच्या बाजूला कधी ठेवायची नाही. तो म्हणाला, "बारा व्होल्ट तर आहे मावशी, टेन्शन काय?" मी म्हटलं, "बारा व्होल्टचा शॉक नाही लागणार रे, पण त्या दोन पिनांवर तुझ्या आईची ओली बांगडी पडली तर बांगडी लाल होईल, आणि हात बांगडीच्या आत असेल." मग तो बसला खाली आणि वायर धरायला लागला.

हे वाक्य मी कधी शिकले ते तुम्हाला आठवत असणार. माझी दहावीची परीक्षा नुकतीच झालेली. जयंतीची तयारी, विहारापासून आपल्या चाळीच्या टोकापर्यंत बल्बच्या माळा सोडायच्या होत्या आणि तुम्ही दुपारच्या पाळीला. चाळीतले काका म्हणाले, "वायरमनची पोरगी आहेस, लाव की." मला काय, हवाच गेली डोक्यात. माळा लावत लावत आले, तर शेवटी पंचाईत झाली, दोन्हीकडे सॉकेटच. मग मी डोकं चालवलं. एक वायर घेतली आणि तिच्या दोन्ही टोकांना पिना लावल्या. एक टोक भिंतीत खुपसलं, बटण दाबलं, आणि दुसरं टोक ओट्यावर ठेवून माळेचं सॉकेट शोधायला गेले. दोनशे तीस व्होल्ट, उघड्या पिना, आणि ओट्यावर शेजारची तीन पोरं पत्ते खेळतायत. तेवढ्यात तुम्ही आलात. मला अजून दिसतं, तुम्ही डबा हातातून सोडता, धावत मेनस्विच पाडता, सगळी चाळ अंधारात, आणि मग बॅटरीच्या उजेडात तुम्ही ती वायर मधून कापता. ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही ओट्यावर बसलात आणि तुमचा हात थरथरत होता. पकड धरलेला हात. तो हात मी त्याआधी कधी हलताना बघितलेला नव्हता. मग तुम्ही ते वाक्य बोललात, एकदाच, हळू आवाजात, आणि कापलेल्या वायरचे तुकडे उचलून आत गेलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही विसरलात. म्हणजे मला तरी तसं वाटलं, कारण तुम्ही मला बोलावून माळा नीट लावून घेतल्यात आणि सगळ्यांना सांगितलंत की पोरीनं केलं. तुमचा स्वभावच तसा. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या फरशीवर आपली शाळा भरायची. आई चुलीपुढे, आपण दोघं मध्ये वायरी पसरून. आई म्हणायची, "त्या पोरीला भाकरी थापायला शिकवा जरा, उद्या सासरी काय फ्यूज खायला घालणार आहे?" तुम्ही म्हणायचात, "थापेल की. आधी पिन." आणि मग तुम्ही मला समोर उभी करून दोन्ही हात वर करायला लावायचात. तुमचे तळवे माझ्या तळव्यांना टेकवायचात आणि विचारायचात, माझ्या उजव्याला तुझा कुठला लागला? डावा. हां, मग सॉकेट मागून जोडताना लाल डावीकडे, तर पिन मागून जोडताना लाल कुठे? उजवीकडे. दोघं समोरासमोर उभे राहतात म्हणून उलटं होतं. रोज विचारायचात. आईला पण एकदा उभी केलीत, ती पिठाचे हात घेऊन उभी राहिली आणि तुमच्या शर्टावर दोन पंजे उमटले. तुम्ही त्याच शर्टानं बाजारात गेलात.

जुलैमध्ये आयटीआयच्या वायरमन कोर्सची प्रवेशाची यादी लागली. मी घरी येऊन सांगितलं, नाव नाही. तुम्ही जेवत होतात, घास ताटात परत ठेवलात. मग म्हणालात, "आंधळे आहेत लेकाचे." उठून हात धुतलात, पिशवीतून ही पकड काढलीत, माझ्या हाताच्या मापाची, छोटी, लाल मुठीची, आणि म्हणालात, "नाव नसलं तर नसलं. पकड तुझीच." ती पकड तुम्ही यादी लागायच्या आधीच आणून ठेवलेली. पुढे आयुष्यभर तुमचा तो धंदाच झाला. पाहुणा आला की सांगायचं, आयटीआयवाल्यांनी माझ्या पोरीला घेतलं नाही. माझ्या लग्नात तर माझ्या सासऱ्यांना बाजूला घेऊन सांगितलंत, जसं काही केस चालू होती. सगळे हसायचे. मी पण हसायचे.

तर रविवार. सकाळी चिंबोरीच्या पडवीत बसून मी मोटरला पिन जोडली. बाजूला सोडे वाळत घातलेले, मांजर त्यांच्यावर नजर ठेवून आणि चिंबोरी मांजरावर. वायर सोलली, तारा पिळल्या, कथलाचा डाग दिला, पिनेत सरकवून स्क्रू आवळले, ओढून बघितलं, वरून रबर चढवलं, आत ग्रीस. इतकं देखणं काम झालं होतं आबा, मला कुणाला तरी दाखवायचं होतं. मोटर पाण्याबाहेर फिरवू नका असं तिच्यासोबत आलेल्या कागदावर लिहिलेलं, म्हणून तपासली नाही. दहाच्या सुमाराला पाणी भरलं. होडी तरंगली, तोंड खाडीकडे, पाठ धक्क्याकडे. चिंबोरीनं मोटरला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला, आणि आम्ही दोघी बसलो, ती मागे मोटरपाशी, मी मध्ये बॅटरीपाशी. धक्क्यावर तिचा मुलगा, त्याच्या बाजूला दिव्याचा तो माणूस, मासळी विकायला बसलेल्या चार म्हाताऱ्या आणि निम्मा कोळीवाडा. रविवार होता ना, सगळ्यांना सुट्टी.

पिन खुपसली. आता फक्त ब्रेकर वर करायचा. आणि माझा हात तिथेच राहिला. मला होडी दिसेना, खाडी दिसेना, तो ओटा दिसला, ती पत्ते खेळणारी पोरं दिसली, तुमचा हात दिसला. मी सगळं बरोबर केलंय हे डोक्याला माहीत होतं, पण हाताला कोण सांगणार. किती वेळ गेला माहीत नाही. चिंबोरी मागून हळूच म्हणाली, "कर गो. काय व्हयाचा ते आपल्या दोघींना व्हईल." मी ब्रेकर वर केला. ठिणगी नाही, वास नाही, काही नाही. हिरवा दिवा लागला. चिंबोरीनं रुबाबात हँडल पुढच्या बाजूला फिरवलं, आणि होडी झपकन मागे आली. मागे! धप्पदिशी धक्क्याच्या टायरवर आपटली, मी बॅटरीच्या पेटीवर पालथी, नारळाची भकलं पाण्यात. चिंबोरीनं घाबरून हँडल आणखी पुढे दाबलं, होडी आणखी मागे घुसायला लागली, पंख्यानं चिखल उडवून दिव्याच्या माणसाची पँट रंगवली. मी ब्रेकर पाडला. मग त्या म्हाताऱ्यांतली सर्वांत म्हातारी शांतपणे म्हणाली, "होरीला पन माहेर सोडवत नाय गो."

आबा, काय हसले लोक. धक्क्यावर माणसं बसून हसत होती. चिंबोरी हसता हसता खांदा धरत होती, दुखतोय पण हसू थांबत नाही. आणि मी? मी चूक केलेली, भर गावासमोर, तुम्ही शिकवलेलं विसरून. शनिवारी सॉकेट मागून जोडलं, लाल डावीकडे. रविवारी पिन मागून जोडली, लाल डावीकडे. घरातल्या पिनेला उलटसुलट झालं तरी पंखा फिरतोच, त्या सवयीनं घात केला. बॅटरीच्या मोटरला ते चालत नाही, ती प्रामाणिकपणे उलटी फिरते. पण मला त्याक्षणी एकच कळत होतं, की चूक झाली आणि कुणालाही काहीही झालेलं नाही. एक पँट खराब झाली. मी पेटीवर पालथी पडून इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं हे चिंबोरीला समजलं असणार.

मुलगा मात्र हसत नव्हता. "मावशी, राहू दे आता," म्हणाला, "मी म्हटलेलं ना, रिस्क आहे." दिव्याचा माणूस पँट झटकत होडीचं माप घ्यायला पुढे आला. तेव्हा मला राग आला, खराखुरा. मी म्हटलं, "दहा मिनिटं थांबा दोघं. होडीला हात लावायचा नाही." धक्क्यावर उतरले, पिन उपसली, आणि चिंबोरीला म्हटलं, इकडे ये, समोर उभी राहा, हात वर कर. तिला उजवा हात वर होईना, तर मी वाकून माझा खाली आणला. टेकवले तळवे. माझ्या डाव्याला तिचा उजवा. लोक बघतायत, दोन म्हाताऱ्या फुगडी घालायला निघाल्यासारख्या उभ्या. चिंबोरी म्हणाली, "हे तुजा बापूस करायचा ना?" मी म्हटलं, हो. रबर मागे सारलं, तुमच्या पकडीनं स्क्रू सैल केले, लाल उजवीकडे, काळी डावीकडे, परत आवळले. हात हलला नाही. मुलाला जवळ बोलावलं आणि त्याला ओढून बघायला लावलं.

दुसऱ्यांदा ब्रेकर वर करताना मी थांबले नाही. चिंबोरीनं हँडल फिरवलं आणि होडी पुढे निघाली. काही आवाज नाही आबा, नुसतं पाणी कापल्याचं ऐकू येतं. धक्का मागे जातो, तिवरांची हिरवी भिंत बाजूनं सरकते, वर पुलावरून गाड्या चाललेल्या, आणि चिंबोरी डाव्या हातात हँडल धरून, उजवा हात मांडीवर ठेवून, राणीसारखी बसलेली. चिखलाच्या कडेला गुलाबी पक्षी उभे होते, डिझेलच्या होड्यांना बघून उडतात, आम्हाला बघून उडाले नाहीत, नुसते बाजूला झाले. तिनं पार पलीकडच्या वळणापर्यंत नेली आणि प्रवाहाच्या उलट्या दिशेनं परत आणली, मुद्दाम, मुलाला दिसावं म्हणून. धक्क्यापाशी आलो तेव्हा दिव्याचा माणूस मोटरसायकलला किक मारत होता. जाताना म्हणाला, "मावशी, मला पण असली पिन बसवून द्याल का?" मुलानं दोर धरला, आईला हात देऊन उतरवली आणि मला म्हणाला, "लाल कुठे, काळी कुठे, ते मला पण शिकवा." मी त्याला म्हटलं, आधी हात वर कर.

पण वळणापाशी, मोटर बंद करून आम्ही जरा वेळ नुसत्या तरंगत होतो, तेव्हा चिंबोरी म्हणाली, "बापसाला कदी सांगलंस का?" मी म्हटलं, काय? म्हणाली, "तेच." मी नाही म्हटलं. "गेला तवा पन नाय?" तेव्हा पण नाही. तिनं पाण्यातली बोटं काढून पदराला पुसली आणि म्हणाली, "मंग आता सांग. मी किती वरसं एकटी राखू?"

म्हणून हा कागद. हे पत्र पोस्टात पडायचं नाही, ते मलाही कळतं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून होडीच्या बॅटरीच्या पेटीत ठेवणार आहे, तुमच्या पकडीखाली, कारण पकड आता तिथेच राहणार. कोळीवाड्यातल्या आणखी दोघींनी मोटर मागवल्यात आणि त्यांनी पण मलाच बोलावलंय.

यादी बघायला मी आणि चिंबोरी गेलेलो. फळ्यावर टाचणीनं लावलेली. तिनं बोट ठेवून दाखवलं, सातवं नाव. सगळी मुलांची नावं, त्यात एकच मुलीचं. ती ओरडणार होती, मी तिच्या तोंडावर हात ठेवला. मला तुमचा तो थरथरता हात दिसत होता आणि वाटत होतं, माझ्या हातून एक दिवस कुणीतरी मरेल. परतताना मी तिला शपथ घातली आणि घरी येऊन तुम्हाला म्हटलं, नाव नाही. तुम्ही ज्यांना आयुष्यभर शिव्या घातल्यात ते आंधळे नव्हते, आबा. मी घाबरले होते.